आधी उतार

सह्याद्रीत भटकणाऱ्याच्या पायांना एक हिशेब आपोआप पाठ झालेला असतो. पायथ्याच्या गावात पहाटे चहा घ्यायचा, अंगात जोर आहे तोवर चढ संपवायचा, गडावरच्या टाक्याचं पाणी प्यायचं, डबा सोडायचा आणि उन्हं कलली की उतरायला लागायचं. दम लागला, उशीर झाला, कुणाच्या पायात गोळा आला, तर कुठूनही मागे फिरता येतं. मागे फिरणं म्हणजे उतरणं, आणि उतरताना निदान छाती तरी भरून येत नाही. थकवा आपल्याकडे वेळेवर सूचना देतो.

अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात हा हिशेब उलटा बसतो. गाडी, हॉटेल, दुकान, दवाखाना सगळं वर, सपाट पठाराच्या काठावर. तिथून पाय टाकला की पहिल्या पावलापासून उतार. हवा गार, वाट रुंद, अंगात उत्साह. तासाभरात बरंच खाली आल्याचं समाधान मिळतं. शरीर काही तक्रार करत नाही. ते तक्रार करतं मागे वळल्यावर, आणि तेव्हा डोक्यावर ऊन, बाटलीत घोटभर पाणी आणि समोर सगळा चढ उरलेला असतो. दरवर्षी इथल्या रेंजरांना शेकडो लोकांना वाटेवरून सोडवून आणावं लागतं. त्यांत धडधाकट तरुणांची संख्या मोठी असते, याचं मला नवल वाटत नाही. धडधाकट माणूसच चूक लक्षात येण्याआधी भरपूर खाली जाऊ शकतो.

कोलोरॅडो नदीनं कोरलेली ही दरी 446 किलोमीटर लांब आहे. काही ठिकाणी तिची रुंदी 29 किलोमीटरपर्यंत जाते आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त आहे. 1919 साली ती राष्ट्रीय उद्यान झाली, 1979 साली जागतिक वारसा यादीत गेली. येणाऱ्या लाखो लोकांपैकी बहुतेक जण कठड्यापाशी उभे राहून फोटो काढतात आणि परततात. त्यांना दरी दिसते, पण ती कळायला खाली उतरावं लागतं, आणि उतरायचं तर एक रात्र तळाशी काढायची तयारी हवी. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन वर येऊ नका, अशा पाट्या उद्यानानं वाटांवर जागोजागी लावल्या आहेत. तळाशी मुक्काम करायचा तर परवाना लागतो. मागणी इतकी की तो सोडतीनं मिळतो आणि महिनोन्‌महिने आधी अर्ज करावा लागतो.

दक्षिण काठावरून नदीपर्यंत नेणाऱ्या दोन राबत्या वाटा आहेत: साउथ कैबाब आणि ब्राइट एंजल. पहिली 11.3 किलोमीटर, दुसरी 15.3. जाणकार पहिलीनं उतरतात आणि दुसरीनं चढतात, कारण साउथ कैबाबवर पाण्याचा थेंब नाही आणि सावलीही नावालाच. चढताना या दोन गोष्टी नसल्या तर काय होतं, ते वर सांगितलंच.

मे महिन्याची अखेर धरू. पहाटे चारला उठायचं. साउथ कैबाबच्या तोंडाशी खाजगी गाडी नेऊ देत नाहीत. उद्यानाची बस पहाटे तिथे सोडते. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून 2,213 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच. मे महिन्यातही इथे कानटोपी लागते. इथून नदी जवळपास 1,450 मीटर खाली. सॅकमध्ये माणशी तीन-चार लिटर पाणी, खारट खाऊ, हेडटॉर्च, पातळ चादर, हलका तंबू. तळाशी रात्रीही उकडतं, म्हणून जड झोपण्याची पिशवी न्यायची गरज नाही. पहाटे काठावर कुडकुडताना हे पटत नाही, एवढंच.

पहिली नागमोडी वळणं फिकट पिवळसर कड्यातून उतरतात. हा कैबाब चुनखडक, दरीच्या भिंतीतला सर्वांत वरचा आणि म्हणून सर्वांत तरुण थर. वय सुमारे 27 कोटी वर्षं. उथळ समुद्राच्या तळाशी तो साचला आणि आज दोन किलोमीटर उंचीवर आहे. मराठी माणसानं इथे क्षणभर थांबून एक वजाबाकी करावी. आपला सह्याद्री ज्या काळ्या खडकाचा आहे तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहू लागला तेव्हा या दरीतला सगळ्यांत तरुण दगडही वीस कोटी वर्षांचा झालेला होता. दुसरी गोष्ट वेगाची. सह्याद्रीची हजार-बाराशे मीटर उंच भिंत थरावर थर पसरून उभी राहिली, तिला साधारण दहा लाख वर्षं पुरली असावीत असं आजचे कालमापनाचे आकडे सांगतात. इथे जवळपास तेवढ्याच उंचीत दीडशे कोटी वर्षं भरलेली आहेत.

चुनखडकाखाली काही अंतरावर मळकट पांढऱ्या रंगाचा सरळसोट कडा लागतो. हा कोकोनिनो वालुकाश्म. त्याच्यावर तिरप्या रेघा दिसतात, एकमेकींना छेदणाऱ्या. त्या वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्यांच्या उतरणी आहेत. 27-28 कोटी वर्षांपूर्वी इथे वाळवंट होतं आणि त्या वाळूवरून चाललेल्या चतुष्पादांची पावलं दगडात उमटून राहिली आहेत. डायनोसॉरची मात्र नव्हेत. डायनोसॉर पृथ्वीवर यायला अजून काही कोटी वर्षं बाकी होती. भिंतीचा माथासुद्धा त्यांच्याहून जुना आहे. त्यांची हाडं या भिंतीत शोधणारी मुलं दरवर्षी हिरमुसत असणार.

सीडर रिज हा पहिला मोठा थांबा अडीच किलोमीटरवर. लाल मातीचा सपाट खांदा, शौचालय, दोन-चार वाकडी झुडपं. इथवर येऊन मागे फिरणं हा एका सकाळचा चांगला कार्यक्रम आहे, आणि उन्हाळ्यात दिवसभराच्या पाहुण्यांना उद्यान तोच सुचवतं. इथे सॅक खाली ठेवली तर तिच्यावर नजर ठेवावी लागते. डोमकावळे चोचीनं चेन उघडतात. खारींना चेनची गरजच नसते, त्या सरळ कापड कुरतडतात. या उद्यानात माणसांना चावणाऱ्या प्राण्यांत गुबगुबीत, माणसाळलेली खार वरच्या क्रमांकावर आहे. साप, विंचू, कूगर सगळे तिच्या मागे. तिला वेफर भरवणं हा गुन्हा आहे, दंड होतो.

आकाशात एखादी प्रचंड काळी छाया पंख न हलवता तरंगत जाते, तिच्या पंखावर आकडा लिहिलेला असतो. हा कॅलिफोर्निया काँडोर. पंखांचा पसारा जवळपास तीन मीटर. 1982 साली जगात या जातीचे फक्त 22 पक्षी उरले होते. 1987 मध्ये शेवटचा मुक्त पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणला, तिथे त्यांची वीण वाढवली आणि 1996 पासून या भागात ते पुन्हा सोडायला सुरुवात झाली. आजही त्यांना मारणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या मांसातले शिशाचे कण. आपल्याकडची गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं गेली. 2006 साली भारतात त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. दोन खंडांत मेलेलं खाऊन जगणाऱ्या दोन पक्ष्यांना माणसानं मेलेल्यातूनच विष पोचवलं.

सीडर रिजवरून समोर पाहिलं की दरीच्या पोटातून वर आलेली सुटी शिखरं दिसतात. नकाशावरची त्यांची नावं वाचून मराठी वाचक चपापतो: विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल, झोरोआस्टर टेंपल, बुद्ध टेंपल. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकानं 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला या दरीचा मोठा अभ्यास लिहिला. या शिखरांत त्याला पूर्वेकडच्या देवळांची शिखरं दिसली आणि त्यानं तशी नावं ठेवायचा पायंडा पाडला. पुढच्यांनी तो चालवला. शिवा टेंपलची तर एक गमतीदार कथा आहे. चहूबाजूंनी तुटलेल्या या माथ्यावर हजारो वर्षं एकटे पडलेले, वेगळ्याच वळणावर गेलेले प्राणी सापडतील, या आशेनं 1937 साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीनं तिथे मोहीम नेली. वर्तमानपत्रांनी हरवलेल्या जगाच्या बातम्या रंगवल्या. वर सापडले ते बहुतांशी नेहमीचेच उंदीर आणि खारी, आणि कोडॅक फिल्मचं एक रिकामं खोकं. काठावर राहणारा छायाचित्रकार एमरी कोल्ब आधीच वर जाऊन आला होता!

सूर्य वर आला की दरीचं दुसरं उलटेपण सुरू होतं. डोंगरावर जाताना आपण गारव्याकडे जातो, इथे उष्णतेकडे. खाली येणारी हवा दाबली जाते आणि तापते, कोरडी असेल तर दर शंभर मीटरला जवळपास एक अंश. शिवाय उघडे खडक दिवसभर ऊन पितात. त्यामुळे काठापेक्षा नदीपाशी तापमान सरासरी अकरा अंशांनी जास्त असतं आणि उन्हाळ्यात सावलीतलं तापमान 43 अंशांच्या वर जातं. अडीच तासांपूर्वी कानटोपी घातलेला माणूस आता शर्टाची बटणं सोडतो.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला इथला उकाडा फसवतो तो घामामुळे. आपल्याला गरमी मोजायची सवय निथळणाऱ्या घामावरून. इथे हवा इतकी कोरडी असते की घाम दिसतच नाही, आला तसा उडून जातो. सॅकच्या पट्ट्यावर मिठाची पांढरी रेघ उमटते तेव्हा कळतं की अंगातून काय काय गेलं. विदर्भातल्या वाचकाला हे लवकर उमगेल, कारण ज्या कोरड्या हवेमुळे नागपुरात वाळ्याचा कूलर चालतो आणि दादरला चालत नाही, तीच ही हवा. म्हणून इथले रेंजर सांगतात, ओढा दिसला की शर्ट, टोपी भिजवा आणि ओल्या कपड्यानिशी चाला. अंग स्वतःच कूलर होतं.

पाणी पीत राहा, हा सल्ला अर्धाच आहे. घामातून मीठही जातं. नुसतं पाणी रिचवत राहिलं तर रक्तातला सोडियम पातळ होतो. मळमळ, डोकेदुखी, मग बरळणं, झटके, आणि वेळीच आवरलं नाही तर मृत्यू. लक्षणं उन्हाच्या झटक्यासारखीच असल्यामुळे सोबती घाबरून आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण चिघळतं. उपाय साधा आहे: प्रत्येक थांब्यावर काहीतरी खारट खायचं. खारे शेंगदाणे, चिवडा, लोणच्याची फोड, मीठ-साखरेचं लिंबू सरबत. आपला प्रवासी डबा या वाळवंटासाठी कुठल्याही महागड्या एनर्जी बारपेक्षा सरस आहे, असं माझं प्रामाणिक मत.

4.8 किलोमीटरवरच्या स्केलेटन पॉइंटपाशी नदीचं पहिलं दर्शन होतं, हिरवट रेघेसारखं. त्याच्या खाली वाट रेडवॉल नावाच्या कड्यातून उतरते. दीडशे मीटरच्या आसपास उंचीचा हा चुनखडक मुळात करडा आहे. वरच्या थरांतलं लोखंड पावसाबरोबर ओघळून त्याला लाल रंग चढला आहे. दरीत उतरू पाहणाऱ्यांचा खरा अडसर हाच. सगळीकडे तो उभा तुटलेला, आणि जिथे जमिनीतल्या भ्रंशानं त्याला फोडलं आहे तिथेच माणसाला आणि जनावराला रस्ता मिळाला. ब्राइट एंजलची वाट अशा एका भ्रंशावरून जाते. साउथ कैबाब मात्र सोंडेवरून सुरुंग लावून काढली आहे, आणि त्यामागे चक्क टोलचं राजकारण आहे.

राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थानं ब्राइट एंजल वाटेवर खाणींचे हक्क नोंदवून ठेवले होते. खाणीतून फारसं निघालं नाही, पण वाटेवर घोडा-खेचर घेऊन येणाऱ्याकडून तो माणशी एक डॉलर वसूल करायचा. सरकारनं हरकत घेतली, खटले झाले, पण गडी खमका. पुढे तो अमेरिकेच्या सिनेटमध्येही निवडून गेला. शेवटी राष्ट्रीय उद्यान सेवेनं वैतागून त्याला वळसा घालणारी स्वतःची वाट 1924-25 मध्ये बांधली. तीच आपण उतरतो आहोत ती. आज टोल नाही, खेचरं मात्र आहेत. खेचरांचा तांडा आला की वाटेत थांबून डोंगराच्या बाजूला, कड्यापासून लांब उभं राहायचं आणि हाकणाऱ्याचं ऐकायचं. तळाच्या विश्रामगृहाचा शिधा त्यांच्या पाठीवरून खाली जातो आणि कचरा व टपाल वर येतं.

टिप ऑफ या थांब्यानंतर दरीचा आतला, अरुंद भाग सुरू होतो. आधी थोडे भडक नारिंगी-लाल खडक, मग अचानक काळे, पिळवटलेले, मधूनमधून गुलाबी शिरांनी विणलेले. हा विष्णू शिस्ट. वय सुमारे 175 कोटी वर्षं. एकेकाळी इथे जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल डोंगराची मुळं होती; उष्णता आणि दाब यांनी मूळचा गाळ आणि लाव्हा भाजून, चेपून हा खडक झाला. मग वरचा अख्खा डोंगर झिजून गेला. दरीत अनेक ठिकाणी या काळ्या खडकाच्या डोक्यावर थेट टॅपीट्स नावाचा आडवा, तपकिरी वालुकाश्म टेकलेला दिसतो. तो जेमतेम 50-52 कोटी वर्षांचा. दोघांच्या मध्ये एक रेघ, त्या रेघेवर हात ठेवला तर तळहाताखाली सव्वाशे कोटी वर्षं गायब असतात. त्या काळात इथे काहीच घडलं नाही असं नव्हे. साचलेलं सगळं पुसलं गेलं. एक हात गमावलेला युद्धवीर जॉन वेस्ली पॉवेल 1869 साली दहा जणांच्या टोळीनिशी चार नावांतून या नदीवर आला तेव्हा त्यानं हा तुटलेला सांधा टिपून ठेवला. त्या टोळीतले सहाच जण शेवटपर्यंत नावेत होते. आणि ही दरी स्वतः किती जुनी? खडकांच्या मानानं अगदी पोरसवदा. तिचा बराचसा भाग गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत कोरला गेला. काही तुकडे त्याहून खूप जुने असावेत की नाही यावर अभ्यासकांची अजून जुंपलेली आहे.

उताराचा शेवटचा तास गुडघ्यांचा. चढताना स्नायू आखडून काम करतो, उतरताना तो ताणला जात असताना ब्रेक लावतो, आणि या दुसऱ्या प्रकारात त्याचे तंतू जास्त दुखावतात. गंमत म्हणजे ते लगेच कळत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचं खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं, म्हणजे इथे नेमकं चढायच्या वेळी. हातातल्या दोन काठ्या आणि आधीच कापलेली पायाची नखं, यांचं मोल आता कळतं.

वाट एका छोट्या बोगद्यात शिरते आणि बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी थेट झुलता पूल. 1928 साली बांधलेला हा काळा पूल सुमारे 134 मीटर लांब आहे. त्याच्या मुख्य लोखंडी दोरांपैकी एकेकाचं वजन जवळपास एक टन. खेचरावर लादता येईना. तेव्हा हवासुपाई जमातीतले 42 पुरुष एका ओळीत उभे राहिले, दोर प्रत्येकाच्या खांद्यावर, आणि त्या वळणावळणाच्या वाटेनं ते एकेक दोर खाली घेऊन आले. पुलावरून जाणाऱ्या बहुतेकांना हे माहीत नसतं. पुलाखालची नदी आता हिरवी आणि गार आहे. 1963 साली वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण पूर्ण होऊन पाणी अडलं, तोवर ती गाळानं लालसर वाहायची. गाळ आता धरणाच्या मागे बसतो. पाणी मोहक दिसतं म्हणून उडी मारायची नाही. गार आणि ओढ इतकी की भलेभले वाहून गेले आहेत.

मुक्कामाची जागा त्यापुढे, ब्राइट एंजल ओढ्याच्या काठी, कॉटनवुडच्या झाडांखाली. सकाळी दहा-साडेदहापर्यंत पोचलं की दिवसाचं चालणं संपलं. दहा ते चार उन्हात चालायचं नाही, हा इथला उन्हाळ्यातला नियम, आणि तो पाळायचा तर दुपारभर करायचं काय? तर ओढ्यात बसायचं. घोटाभर, कुठे गुडघाभर पाणी, कपड्यांसकट आडवं व्हायचं. आजूबाजूला वेगवेगळ्या देशांचे लोक असेच पडलेले असतात. वाळवंटातल्या भटकंतीचा अर्धा वेळ न हलण्यात जातो, आणि सह्याद्रीत पावसाळी शनिवार-रविवारी तीन किल्ले उरकणाऱ्या आपल्या मंडळींना हे आळसाचं काम शिकायला वेळ लागेल.

तंबू लावण्याआधी अन्न. प्रत्येक जागेवर लोखंडी पेटी ठेवलेली असते. खाण्याचं, टूथपेस्ट, साबण, वास येणारं सगळं तिच्यात बंद. रिकामी सॅक खांबावर टांगायची, चेन उघड्या ठेवून, म्हणजे खार आत डोकावून परत जाते आणि कापड वाचतं. रात्रीची पाळी रिंगटेलची. मांजराएवढा, लांब पट्टेरी शेपटीचा हा चोर अॅरिझोनाचा राज्यप्राणी आहे. शेकोटीला सक्त मनाई, स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर. आपण आणलेलं प्रत्येक कागदाचं कपटं आपणच वर न्यायचं. बूट तंबूबाहेर राहिले तर सकाळी झटकून घालायचे, कारण इथला बार्क विंचू बारीक असला तरी जहाल. अतिनील प्रकाशाची टॉर्च असेल तर खडकावर ते हिरवट निळे चमकताना दिसतात; ज्यांना झोप प्रिय आहे त्यांनी हा प्रयोग टाळावा.

थोडं पुढे फँटम रँच हे 1922 साली मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी घडवलेलं विश्रामगृह. त्यांनी नदीतले गोटे भिंतींत वापरले, म्हणून इमारत जमिनीतून उगवल्यासारखी वाटते. कँटीनमध्ये लिंबू सरबत मिळतं आणि पोस्टकार्डही. ते टाकलं की खेचरावरून आल्याचा शिक्का बसून घरी जातं. अंधार पडला तरी हवा तिशीच्या आसपास रेंगाळते. पातळ चादर ओली करून पांघरली की झोप येते. वर, दोन काळ्या भिंतींच्या मध्ये आकाशाचा पट्टा. 2019 साली या उद्यानाला आंतरराष्ट्रीय गडद आकाशाचा दर्जा मिळाला, त्यासाठी काठावरचे बरेच दिवे बदलून झाकले गेले. आकाशगंगा इथून ओळखावी लागत नाही.

उतरताना वाटेवर पाण्याचा थेंब नव्हता. तळाच्या मुक्कामी नळाला मात्र पाणी असतं, आणि हे पाणी येतं कुठून हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. काठावरचा चुनखडक सच्छिद्र. पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ तो पिऊन टाकतो आणि खाली, पाणी न झिरपणाऱ्या थरापाशी झऱ्यांतून सोडतो. त्यातही थर दक्षिणेकडे कललेले, त्यामुळे उत्तर काठाचं पाणी दरीत येतं आणि दक्षिण काठाचं दरीपासून दूर जातं. परिणाम असा की हॉटेलं असलेल्या दक्षिण काठावर पाणीच नाही. कोल्ब बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काठावर फोटो स्टुडिओ थाटला. खेचरांवरून उतरणाऱ्या पर्यटकांचा सकाळी फोटो घेतला की एमरी कोल्ब काचेच्या पट्ट्या घेऊन सात किलोमीटर खालच्या झऱ्यापर्यंत पळत जायचा, तिथल्या पाण्यात त्या धुऊन पुन्हा वर चढायचा आणि पर्यटक परतायच्या आत फोटो विक्रीला तयार ठेवायचा. 1960 च्या दशकात उत्तरेकडच्या रोअरिंग स्प्रिंग्ज झऱ्यापासून नळ टाकायला घेतला. तो दरीत उतरतो, दुसऱ्या एका पुलावरून नदी ओलांडतो आणि दक्षिण काठाला पाणी चढवतो. अॅल्युमिनियमचा हा नळ वारंवार फुटतो. 2023 पासून तो बदलण्याचं मोठं काम सुरू आहे. काठावरच्या हॉटेलात नळ सोडणाऱ्याला ठाऊक नसतं की ते पाणी त्याच्याआधी दरीच्या तळाचा प्रवास करून आलं आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला हेडटॉर्चच्या उजेडात तंबू आवरायचा, आणि ब्राइट एंजलच्या वाटेनं, ऊन भिंतीवरून खाली सरकण्याआधी, हवासुपाई गार्डन्स गाठायचं. नाल्याकाठी उंच कॉटनवुड, बाकं, नळ, रेंजरची खोली. कोल्ब पळत यायचा तो हाच झरा. पिढ्यान्‌पिढ्या हवासुपाई लोक इथे मका, भोपळे पिकवत. उद्यान झालं आणि त्यांना जागा सोडायला लावली. कॅप्टन बरो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेवटच्या रहिवाशाला 1928 साली इथून हुसकावलं. ज्या वर्षी त्याच जमातीच्या माणसांनी पुलाचे दोर खांद्यावरून नेले, तेच हे वर्ष. कॅमेरॉनची टोलवाली वाट सरकारच्या ताब्यात आली तीही याच वर्षी. 1975 साली कायद्यानं जमातीला पठारावरची 1,85,000 एकर जमीन परत मिळाली, पण बाग उद्यानातच राहिली. तिच्यावर इंडियन गार्डन ही पाटी होती. जमातीच्या मागणीवरून 2022 च्या शेवटी ती बदलली.

ज्यांना इथे पोचायला आठ-नऊ वाजतात ते बाटल्या भरून, शर्ट भिजवून लगेच निघतात. ज्यांना त्याहून उशीर होतो त्यांना रेंजर सावलीतल्या बाकाकडे बोट दाखवतो आणि चार वाजेपर्यंत बसायला सांगतो. बसणाऱ्यांतले काही जण नकाशा उघडून कुरकुरतात की निम्मं अंतर तर झालंच आहे. ते खरं आहे, नदीपासून आठ किलोमीटर झाले, सव्वासात उरले. पण नदीपासून इथवर चढ झाला तो फक्त चारशे मीटर. काठापर्यंतचे नऊशे तीस अजून डोक्यावर आहेत.